कोल्हापुरात बाहेर कुठे जेवावं, आणि इथे खरंच सगळ्यांकडे एवढा पैसा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याहून कोल्हापूरला बदली झालीय, एकटेच आहात, रोज बाहेर जेवावं लागतंय. ऑफिसातल्या लोकांनी रविवारी एका खानावळीत नेलं, तर दारात फॉर्च्युनर उभ्या आणि आत बोटाएवढ्या जाड साखळ्या घातलेली माणसं मांडी ठोकून जेवतायत. म्हणून विचारताय की जेवायच्या बऱ्या जागा सांगा, आणि इथे सगळेच श्रीमंत आहेत की नुसता दिखावा, तेही सांगा.

मी इथलीच. बारा वर्षं एका पतसंस्थेत सोनेतारण कर्जाच्या काउंटरवर बसते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जरा आतून माहीत आहे. पहिल्याचं तर इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

आधी पोटाचं. सकाळी मिसळ. उद्यमनगरात फडतरे, शिवाय बावडा मिसळ आणि गल्लीगल्लीतल्या पन्नास. कुठली खरी यावर इथे मित्र बोलायचे बंद होतात. मी त्यात पडत नाही, माहेर बावड्यात आहे एवढंच सांगते. मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतील, पाव मागू नका. कट वेगळा वाढतात, पहिल्या दिवशी बेताने घ्या. आणि अकरा-साडेअकराच्या आत पोचा, दुपारी जाऊन 'संपली' ऐकण्यात काय अर्थ आहे?

दुपारी किंवा रात्री मटणाचं ताट. लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस नावाजलेलं आहे, जाऊन या, पण रोजच्यासाठी घराजवळची एखादी घरगुती खानावळ धरा. पाटी बघू नका. दाराबाहेर चपला किती आहेत ते बघा. साध्या खानावळीत ताट 300 ते 400 रुपयांच्या घरात बसतं: सुकं, तांबडा, पांढरा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू. मटण मोजून, रस्सा हवा तेवढा. पांढरा म्हणजे मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, काजू, वरून खड्या मसाल्याची फोडणी. तांबड्याला घरची चटणी लागते, आणि चटणी म्हणजे आमच्याकडे कांदा-लसणाचा तिखट मसाला. बाहेरच्या शहरांतल्या मेन्यूकार्डावर 'कोल्हापुरी' म्हणजे लालभडक आणि जाळ, तसलं इथे कोणी खात नाही. चांगल्या तांबड्याचा ठसका लागत नाही, दोन वाट्या प्यायल्यावर कानामागे घाम येतो.

शाकाहारी असाल तर हायवेच्या ढाब्यांवर अख्खा मसूर आणि रोटी. मटणवाल्यांच्या गर्दीत तुम्हाला कोणी हसणार नाही, ते स्वतःही सोमवार-गुरुवार तेच खातात. श्रावणात तर खानावळी ओस पडतात. संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊची भेळ, आणि रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध. म्हशी कट्ट्यावरच बांधलेल्या असतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात. ठाण्याच्या माणसाला पहिल्यांदा कसंतरी होतं म्हणे. दुसऱ्यांदा जाल.

आता त्या फॉर्च्युनरचं.

तुम्ही बघितलंत ते खरं आहे, पण एक गोष्ट नजरेतून सुटली असेल. ती गाडीवाली माणसं महागड्या हॉटेलात नव्हती. ज्या बाकावर तुम्ही बसलात त्याच बाकावर, तेच 350 रुपयांचं ताट खात होती. शहरात तारांकित हॉटेलं आहेत, तिथे बाहेरगावचे पाहुणे आणि कंपन्यांचे साहेब उतरतात. इथल्या पैसेवाल्याला कुठे जेवतो हे दाखवायचंच नसतं. त्याला दाखवायचं असतं किती जणांना जेवू घालतो ते. हे एकदा कळलं की पुढचं सगळं उलगडतं.

याचा पहिला धडा गल्ल्यावर मिळेल. चार जण जेवून उठले की बिलावरून जी झटापट होते ती लुटुपुटीची नसते. मी एकदा बघितलंय, एकाने दुसऱ्याचं मनगट धरलं, तिसऱ्याने तेवढ्यात मालकाच्या शर्टाच्या खिशात नोटा कोंबल्या, आणि मालक म्हणाला, "आबांनी मघाशीच दिलंय." आबा जेवायच्या आधीच हात धुवायच्या निमित्ताने जाऊन पैसे देऊन आले होते. बाकीच्या तिघांची तोंडं अशी झाली की जणू कुस्ती हरली. इथे नवीन आहात तोवर पहिल्या एक-दोन खेपा बिलाला हात लावू नका. माझे माझे वेगळे देतो असं तर चुकूनही म्हणू नका, लोक वर्षभर सांगत राहतील.

साखळ्यांविषयी माझ्या काउंटरवरून सांगते. तुम्ही जत्रेत किंवा लग्नात दहा साखळ्या बघितल्यात, तर त्यातल्या काही एक ग्रॅमवाल्या, म्हणजे वरून नुसता सोन्याचा मुलामा. काही खऱ्या आणि स्वतःच्या. आणि बऱ्याचशा खऱ्या, पण वर्षातले आठ-नऊ महिने आमच्या तिजोरीत राहणाऱ्या. लग्नसराई आली, गणपती आले, गावची यात्रा आली की सोडवून नेतात, मिरवतात, पुन्हा ठेवतात. नवीन मुलं काउंटरवर आली की त्यांना गंमत वाटते. मला आता वाटत नाही. मागे एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी साखळी सोडवून घेऊन गेले आणि नवव्या दिवशी परत आले. आमच्या सराफाने ती कसोटीवर घासायच्या आधी पांढऱ्या कापडावर ठेवली, तर कड्यांच्या सांध्यांत हळद अडकलेली. त्याने ब्रशने ती काढली, वजन केलं, आणि मी पावती लिहिली. ते गृहस्थ सारखं म्हणत होते, "लग्न झ्याक झालं, मॅडम. पाचवी पंगत उठली तरी रस्सा कमी पडला नाही."

मग गाड्या? दोन एकर उसावर फॉर्च्युनर येत नाही, हे साधं गणित करून बघा. 2024-25 च्या हंगामाला केंद्राने एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, क्विंटलला 340 रुपये ठरवली, ती 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तर. आपल्या भागात उतारा जास्त, पण तोडणी-वाहतूक वजा होते. शेतकऱ्याच्या खात्यावर टनाला तीन ते साडेतीन हजारांच्या मध्ये पडतात. एकरी चाळीस टन धरला तर सव्वा-दीड लाखाच्या आसपास. त्यातून बेणं, खतं, पाणीपट्टी, भांगलणीची मजुरी, सोसायटीचं कर्ज वजा करा. आणि पीक बारा ते अठरा महिने रानात उभं असतं. कायद्याने ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि ते मिळवण्यासाठी, दरासाठी दर हंगामात आंदोलनं होतात. जयसिंगपूरची ऊस परिषद त्यासाठीच भरते. म्हणजे उसाचा पैसा मोठा दिसतो, कारण तो एकरकमी येतो.

खेड्यातलं घर चालतं दुधावर. गोकुळ दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्यावर किराणा, पोरांची फी, दवाखाना. उसाचं बिल आलं की मात्र मोटरसायकल, घराचा स्लॅब, साखळी, जावळ. घर दुधावर आणि मिरवणं उसावर, असं आमचे मॅनेजर म्हणतात, आणि खात्यांच्या नोंदी बघितल्या की पटतं.

मोठ्या गाड्या बहुतेक ठेकेदारांच्या, प्लॉटिंग करणाऱ्यांच्या, रस्त्यात जमीन गेलेल्यांच्या, आणि राजकारणात पाय ठेवू बघणाऱ्यांच्या. त्यांच्या नंबरप्लेटी वाचा, 8055 चा 'बॉस' आणि 4141 चा 'दादा' रोज एक तरी दिसेल. त्यांचेच वाढदिवसाचे फ्लेक्स चौकात लागतात, मध्ये 'भावी नगरसेवक' आणि कडेला शुभेच्छुकांचे वीस चेहरे. गंमत म्हणजे ज्यांच्याकडे पिढ्यांचा पैसा आहे ते ओळखूच येत नाहीत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्री चालवणारे कितीतरी जण जुन्या ॲक्टिव्हावरून मिसळ खायला येतात. आमच्या शाखेत त्यांची ठेव आहे म्हणून मला माहीत, नाहीतर मीही त्यांना रांगेत मागे ढकललं असतं.

जेवू घालण्याची ही हौस सगळी गोड आहे असं मात्र समजू नका. माझ्या भावाने मुलाच्या जावळाला तीनशे माणसांचा अंदाज धरला होता. माणशी पाव किलो मटण म्हणजे पंचाहत्तर किलो. शेजारच्याने मागच्या वर्षी पाच बकरी पाडली होती, म्हणून यांची सहा. आली पावणेपाचशे माणसं. रात्री नऊला अजून मटण आणायला माणूस पळवला, दुकानदाराला झोपेतून उठवलं. पंधरा दिवसांनी वहिनीचा साज माझ्याच काउंटरवर आला. वहिनी शेजारी उभी राहून मोबाइलमध्ये बघत होती. मी जवमण्यांसकट वजन लिहून घेतलं आणि काही बोलले नाही. बोलायचं तर आधी बोलायला हवं होतं, आणि तेव्हा मीच मांडवात बायकांना हळदीकुंकू लावत, किती माणसं आलीत ते कौतुकाने मोजत होते. साज सोडवायला दोन हंगाम गेले.

मटण इथे किती जिव्हाळ्याचा विषय आहे ते सांगते. 2019 च्या शेवटी दर वाढले तेव्हा कोल्हापुरात त्यावरून रीतसर आंदोलन झालं, दुकानं बंद राहिली, बैठका झाल्या. बाहेरचे हसले. पण ज्या गावात माणसाची पत ताटावर मोजली जाते तिथे मटणाचा दर म्हणजे घराघराच्या इज्जतीचा हिशेब असतो.

आणि कोण कुणाच्या हातचं, कुणाबरोबर बसून खातो, हे इथे फार आधीपासून महत्त्वाचं आहे. शंभर वर्षांपूर्वी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिलं. कांबळे संस्थानच्या पागेत नोकरीला होते. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली होती. हॉटेल निघालं तरी तिथे चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा मागवायचे, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो प्यावा लागायचा. छत्रपतींना ऐश्वर्य दाखवायला हत्ती-घोडे होतेच, पण लोकांच्या लक्षात राहिला तो चहाचा कप. आजची खानावळ त्याच गावातली आहे, तरी तिचा बाक सगळ्यांना सारखा आहे असं मी म्हणणार नाही. बायका तिथे चुलीपाशी दिसतात, ताटावर कमी. आम्ही मैत्रिणी गेलो की अजून 'फॅमिली रूम'चा पडदा दाखवतात. रस्सा मंडळात, म्हणजे मित्रांनी सामान घेऊन कुणाच्या तरी रानात जाऊन चुलीवर मटण करायचं त्या कार्यक्रमात, तर आम्हाला बोलावतच नाहीत. मसाला मात्र घरून आम्हीच वाटून देतो.

तुमच्यासारख्या पगारदाराने काय करावं? ब्रँडेड घड्याळ घालून इथे कोणावर छाप पडत नाही. एखाद्या खानावळवाल्या मावशींकडे महिन्याचा डबा लावा, त्यांचे पैसे एक तारखेला न मागता द्या. बाजारपेठेत नाव व्हायला एवढं पुरतं. ऑफिसातला कोणी "रविवारी रानात या" म्हणाला तर नक्की जा, जाताना कोथिंबीर-लिंबं घेऊन जा. आणि एक, एखादी बाई "मी जातो, उद्या येतो" म्हणाली तर दचकू नका. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मीसुद्धा, लिहिताना तेवढी सांभाळते.

जावळाचं किंवा यात्रेचं आमंत्रण आलं तर टाळू नका. टोपी-टॉवेल घेऊन जा, पंगतीत बसा. मटण वाढून झालं की एक माणूस बादली आणि वगराळं घेऊन ओळीने येईल. पांढरे कपडे, घामाने भिजलेला, साखळी शर्टाच्या आत कोंबलेली, नाहीतर ती रश्शात पडायची. त्याने दुसऱ्यांदा तांबडा वाढायला बादली वाकवली की ताटावर हात आडवा धरू नका. बहुधा तोच घरचा मालक असतो.