आजोबांच्या ट्रंकेतले बल्ब

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत पंख्यासारखी उघडणारी चकचकीत पत्र्याची वाटी आणि सहा छोटे काचेचे बल्ब सापडले. बल्बांत केसांसारखं काहीतरी गुंतलंय. हे काय आहे? ते अजून पेटतील का?
(एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : ती फ्लॅशगन, म्हणजे फोटो काढताना क्षणभर लख्ख उजेड पाडायचं साधन, आणि ते तिचे बल्ब. तुमचं पत्र वाचताना बल्बवरच्या करपलेल्या लेपाचा वास अगदी नाकाशी आला. 1969 पासून मी लग्नाचे फोटो काढले, आणि पहिली काही वर्षं याच बल्बांवर.

ते केस म्हणजे धातूची बारीक तार. लहान बल्बांत बहुतेक झिर्कोनियमची, जुन्या मोठ्यांत अ‍ॅल्युमिनियमची. आत ऑक्सिजन भरलेला. बटण दाबलं की तार भडकून जळते, काच तडकते, आणि वरच्या लेपामुळे तुकडे उडत नाहीत. एक बल्ब, एक फोटो. गरम बल्ब आम्ही रुमालात धरून काढायचो, की मांडवातली पोरं हात पुढे करून उभीच. खिशात दहा बल्ब असतील, तर ‘सावधान’ ऐकून अंतरपाट दूर होईपर्यंत श्वास रोखून थांबायचं. त्या थांबण्यानंच मला माणसांचे चेहरे बघायला शिकवलं, असं मी आजही मानतो.

हिशेब तोंडपाठ लागे. बल्बचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या उजेडाची ताकद सांगणारा आकडा, फुटांत 80 असेल आणि नवरानवरी 10 फुटांवर, तर 80 भागिले 10, म्हणून लेन्सच्या छिद्राचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चर 8. अंतर पावलांनी मोजायचं.

खरी गोम वेळेची होती. तार पूर्ण पेटायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागतो, म्हणून शटरनं, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड आत सोडणाऱ्या पडद्यानं, उघडायला तेवढं थांबावं लागे. माझ्या यशिका कॅमेऱ्यावर त्यासाठी एम आणि एक्स अशी खूण असलेली कळ होती. बल्बला एम, आणि क्षणात चमकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला एक्स, त्यावर शटर थांबत नसे. एका लग्नात कळ एक्सवर राहिली आणि शटरचा वेग 1/100 सेकंद. बल्ब लखलखला, मंडळी दिपली, पण शटर आधीच मिटलेलं. हार घालतानाचा फोटो काळा आला. मुलीच्या वडिलांना ते सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. ते काही बोलले नाहीत, चहा दिला. मला आजही ते विसरता येत नाही.

आता तुमचे सहा बल्ब. काचेत निळा ठिपका दिसतो का पाहा. तो गुलाबी झाला असेल, तर आत हवा शिरलीय. तो बल्ब लावूच नका, फुटू शकतो. ठिपका निळा असेल, तर इतक्या वर्षांनीही बहुधा पेटेल. पण माझं ऐका, पेटवू नका, पोरांच्या हाती तर नकोच. फ्लॅशगनमधली बॅटरी मात्र आजच काढा. ती पाझरून पत्रा खाते. आणि ट्रंकेत एखादं निगेटिव्हचं पाकीट आहे का, तळापर्यंत शोधा.