गाडी बेकार नव्हती

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी रात्री शर्यत संपल्यावर तू हेल्मेट काढलंस आणि कुणाशी काही न बोलता बाबांच्या गाडीत जाऊन बसलीस. मी हाक मारणार होतो, पण म्हटलं राहू दे. रविवारी तुझा मेसेज आला: "काका, खरं सांगा, मी प्रोफेशनल ड्रायव्हर होऊ शकते का? की गपचूप कॉलेजचे फॉर्म भरू?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. पण आजीने शिकवलेल्या मराठीत एवढं लिहिलंस, तर मलाही बसून नीट लिहावंसं वाटलं.

आधी शनिवारचंच बोलू. मी तिसऱ्या वळणाबाहेर कुंपणाला टेकून उभा होतो, कानावर तुमच्या टीमचा हेडसेट. अठ्ठाविसाव्या लॅपला पिवळा झेंडा पडला, सगळ्या गाड्या सावकाश झाल्या. क्रू चीफने, म्हणजे गाडीत काय बदलायचं ते ठरवणाऱ्याने, विचारलं, गाडी कशी आहे? तू म्हणालीस, "बेकार. लूज आहे. चालवताच येत नाहीये." त्याने पुन्हा विचारलं, कुठे? वळणात शिरताना, मध्यावर, की बाहेर पडताना? तू म्हणालीस, "सगळीकडे." पुढे तो काही बोलला नाही. पिटमध्ये घेऊन मागच्या स्प्रिंगला पाना लावला, अर्धा फेरा वेज, म्हणजे स्प्रिंगवरचा दाब, वाढवलं आणि तुला परत पाठवलं. ड्रायव्हर लूज म्हणाला की गाडी टाइट करायची, त्याच्या हातात दुसरं होतं काय? बारा लॅपनंतर तू भिंतीला घासलीस.

तुझ्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर मला त्या मिनिटभराच्या बोलण्यात दिसलं.

टाइट आणि लूज तुला पाठ आहे. स्टिअरिंग फिरवूनही नाक वळत नाही आणि गाडी भिंतीकडे ओढते ती टाइट. मागची चाकं निसटतात ती लूज. पण व्याख्या पाठ असणं वेगळं आणि वीस गाड्यांच्या गर्दीत, घामाने डोळे चुरचुरत असताना ते ओळखणं वेगळं. गाडी वळणाच्या मध्यावर टाइट असली की हात आपोआप स्टिअरिंग जास्त फिरवतात. मग वळण सुटायला लागतं, आपण गॅस देतो, तेवढ्यात पुढच्या टायरना पकड मिळते आणि ते जास्तीचं फिरवलेलं स्टिअरिंग नाकाला झटक्यात आत खेचतं. मागचा भाग निसटतो. काळजात धस्स होतं ते या शेवटच्या निसटण्याने, म्हणून तोंडातून 'लूज' येतं. दुखणं मात्र मध्यावर असतं, अर्धा सेकंद आधी. त्यात आणखी वेज वाढवलं की मध्यावर गाडी अजून टाइट होते, तू स्टिअरिंग अजून फिरवतेस, आणि बाहेर पडताना अजून जोरात निसटते.

यात मीही फसलोय. इथे अमेरिकेत, मूर्सव्हिलला येऊन मला आता बावीस वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात एका छोट्या टीमबरोबर टेस्टिंगला गेलो होतो. ड्रायव्हर लूज म्हणाला, मी गाडी टाइट केली. पुन्हा लूज म्हणाला, पुन्हा टाइट केली. तिसऱ्यांदा तो गाडी आपटूनच आला. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो. तिथल्या एका वयस्कर फॅब्रिकेटरने काही न बोलता उजवीकडच्या पुढच्या टायरवरून तळवा फिरवला आणि मला बोलावून माझाही हात तिथे ठेवला. बाहेरची कड पार खाल्लेली होती. लूज गाडी पुढचा टायर कशाला खाईल? मला एकदम कोल्हापूरचं उद्यमनगर आठवलं. आमच्याकडचे मिस्त्री असेच जॉब हातात घेऊन, बोट फिरवून सांगायचे की टूल कुठे खातंय. इतक्या लांब येऊन मी तीच गोष्ट विसरलो होतो. त्या दिवसापासून मी ड्रायव्हरला 'गाडी कशी आहे' असं विचारणं सोडलं. मी विचारतो, हात काय करत होते?

पोटात दुखतंय म्हणून वैद्याकडे गेलं की तो विचारतो ना, कुठे, कधीपासून, जेवणाआधी की नंतर? 'सगळीकडे' म्हणणाऱ्या पेशंटचं तो काय करणार? तुझ्या क्रू चीफला स्टिअरिंग धरता येत नाही आणि तुला पाना मारता येत नाही. मधे आहे तो फक्त तुझा शब्द. तो शब्द खरा असला तर टायरमधली अर्ध्या पौंडाची हवासुद्धा शर्यत फिरवते. खोटा असला तर सगळी टीम आंधळी.

तू मुद्दाम खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. तुला राग आला होता, आणि रागात आपण निदान करत नाही, गाऱ्हाणं सांगतो. तेवढा फरक शिकायला काहींना दहा वर्षं लागतात. तू सतरा वर्षांची आहेस.

आता प्रोफेशनल होण्याचं. नॅस्कारच्या सगळ्यांत वरच्या मालिकेत, कपमध्ये, एका शर्यतीत साधारण ४० पर्यंतच गाड्या उतरतात आणि त्यातल्या ३६ जागा चार्टर, म्हणजे प्रत्येक शर्यतीत जागेचा हक्क, असलेल्या टीमच्या. फेब्रुवारीत डेटोनाला सुरू झालेला हंगाम नोव्हेंबरात संपतो, गुणांच्या ३६ शर्यती. खाली पिकअप ट्रकच्या शर्यतींची ट्रक सिरीज आहे, आर्का मालिका आहे, आणि त्याखाली देशभरातल्या छोट्या ट्रॅकवर दर शनिवारी तुझ्यासारखी मुलं. वेगवान मुलांचा तुटवडा कधीच नव्हता. पण गाडी धडपणे परत आणणारी आणि तिला काय हवंय ते सांगू शकणारी मुलं प्रत्येक टीम शोधत असते. ती मला मोजकीच भेटली.

घरात कुणी रेसिंगमधलं नाही, म्हणून आपण मागे पडलो असं तू मागे एकदा म्हणाली होतीस. विल्यम बायरनच्या घरातही कुणी ड्रायव्हर नव्हतं. तुझ्याच गावचा, शार्लटचा मुलगा. कॉम्प्युटरवरच्या रेसिंगवर शिकला, मग लेजंड्सच्या त्या छोट्या गाड्या चालवल्या, यामाहाच्या मोटरसायकलचं इंजिन असलेल्या, ज्यात तू दोन उन्हाळे काढलेस. त्याने २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षं डेटोना ५००, नॅस्कारची सर्वांत मोठी शर्यत, जिंकली.

पण मला तुला सांगायचंय ते ॲलन कुल्विकीबद्दल. कपचा ड्रायव्हर, विस्कॉन्सिनचा, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला. मोठ्या टीमने सीट देऊ केली तरी त्याने आपली स्वतःची छोटी टीम सोडली नाही. १९९२ च्या नोव्हेंबरात अटलांटाला हंगामाची शेवटची शर्यत होती. विजेतेपदाच्या लढतीत शेवटी उरले तो आणि बिल एलियट. सर्वांत जास्त लॅप पुढे राहणाऱ्याला पाच जादा गुण मिळायचे. कुल्विकीच्या पिटमध्ये हिशेब मांडून ठरलं की आणखी किती लॅप पुढे राहिलं की एलियट ते पाच गुण गाठू शकणार नाही. तेवढे लॅप तो पुढे राहिला आणि मगच पेट्रोलला आत आला. शर्यत एलियटने जिंकली, कुल्विकी दुसरा आला. पुढे राहिलेले लॅप, कुल्विकीचे १०३ आणि एलियटचे १०२. विजेतेपद दहा गुणांनी कुल्विकीचं. तो एक लॅप इकडचा तिकडे झाला असता तर दोघांचे गुण सारखे झाले असते आणि जास्त शर्यती जिंकलेला एलियट विजेता ठरला असता. पुढच्या एप्रिलमध्ये कुल्विकी विमान अपघातात गेला. त्या एका लॅपचा विचार मी अजून करतो. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही हे त्याला नेमकं माहीत होतं, आणि त्याने स्वतःला फसवलं नाही.

म्हणून कॉलेजचा फॉर्म भर. रेसिंग सोडायला मी सांगत नाहीये. शार्लटच्या विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकवतात आणि तिथल्या प्रयोगशाळेला कुल्विकीचंच नाव दिलंय. घरापासून अर्ध्या तासावर आहे. शुक्रवारपर्यंत वर्ग, शनिवारी ट्रॅक. जॅनेट गथ्री आधी एअरोस्पेस इंजिनिअर होती. १९७६ मध्ये ती याच शार्लटच्या ट्रॅकवर ६०० मैलांच्या शर्यतीत उतरली, तेव्हा बाईला एवढं अंतर झेपणार नाही असं म्हणणारे पुष्कळ होते. ती पंधरावी आली. पुढच्या वर्षी डेटोना ५०० मध्ये उतरणारी पहिली महिला तीच, आणि तिथे बारावी आली. पिटमध्ये आपल्यासारखं दिसणारं कुणी नसतं म्हणून तुला एकटं वाटतं, ते मला कळतं. मलाही पहिली कितीतरी वर्षं वाटलं. २०१० मध्ये आपला नरेन कार्तिकेयन मार्टिन्सव्हिलला ट्रक चालवायला आला, अर्ध्या मैलाचा तो अवघड ट्रॅक, आणि पहिल्याच शर्यतीत तेरावा आला. त्या वर्षी प्रेक्षकांनी मतं देऊन त्याला ट्रक सिरीजचा सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरवलं. त्या दिवशी मी शॉपमध्ये सगळ्यांना पेढे वाटले होते.

पैशाचं बाबांसमोर बोलायला तुला संकोच वाटतो. पण शनिवारी गाडीची उजवी बाजू गेली, तिचं बिल कुणी भरलं हे तू अजून विचारलेलं नाहीस. विचार. एंट्री, टायर, पेट्रोल, इंजिनची ओव्हरहॉलिंग, मोडतोड, सगळं एका कागदावर मांडायला सांग आणि तो कागद तुझ्या खोलीत लाव. भाड्याच्या सीटवर शिकणं यात कमीपणा नाही, पण त्या सीटची किंमत ठाऊक असलेला ड्रायव्हर शेवटच्या लॅपला नसलेल्या फटीत नाक घालत नाही. स्पॉन्सर मागायला जाशील तेव्हाही, स्टँडमध्ये खरोखर किती माणसं बसतात तेच सांग. कार्ल एडवर्ड्स मिसूरीत बदली शिक्षकाचं काम करायचा आणि 'ड्रायव्हर हवा असेल तर मी आहे' अशा अर्थाची व्हिजिटिंग कार्डं छापून वाटायचा. पुढे तो कपमध्ये अठ्ठावीस शर्यती जिंकला. लाज वाटून घरी बसला असता तर कुणाला कळलं असतं?

आता जे लिहितोय ते दोनदा वाच. मे महिन्यात टेस्टिंगला तू आपटलीस, त्यानंतर दोन दिवस पडदे ओढून अंधारात झोपून होतीस. आईने मला सांगितलं. ट्रॅकवरच्या डॉक्टरला तू काय सांगितलंस? काही नाही म्हणालीस. आणि शनिवारी परत गाडीत बसलीस.

कपचा ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनिअर २००२ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात भिंतीवर आदळला. डोक्याला मार बसला होता, पण त्याने सांगितलं नाही, तसाच चालवत राहिला. कित्येक महिन्यांनी स्वतःच कबूल केलं. त्याचे वडील, तेही ड्रायव्हर, वर्षभरापूर्वीच, १८ फेब्रुवारी २००१ ला, डेटोनाच्या शेवटच्या लॅपला अपघातात गेले होते. आणि तरी त्या पोरालाही हे लपवावंसं वाटलं, यावरून मोह किती मोठा असतो ते बघ. २०१६ मध्ये त्याला अर्धा हंगाम घरी बसावं लागलं आणि पुढच्या वर्षी त्याने पूर्णवेळ रेसिंग सोडलं. थोरल्या अर्नहार्टच्या मृत्यूनंतर मान धरून ठेवणारं हॅन्स सक्तीचं झालं, भिंतींवर धक्का शोषणारे सेफर बॅरिअर आले, आणि तेव्हापासून कपच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. पण कवटीच्या आत मेंदू हलतो त्याला अजून कुठला पट्टा बांधता आलेला नाही. ते फक्त तुला कळतं, आणि तू सांगितलंस तरच दुसऱ्याला.

आमच्या तालमीत मार लागलेला पैलवान 'काही नाही वस्ताद' म्हणत हौद्यात उतरायला निघाला की वस्ताद दारात आडवे उभे राहायचे. तुझ्या बाबतीत ते आडवं उभं राहणं मी करणार आहे, आधीच सांगून ठेवतो. डोकं दुखलं, उजेड टोचला, मळमळलं, एखादा शब्द आठवेना, तर त्याच रात्री मला फोन. कितीही वाजले असले तरी. एखादी शर्यत हुकेल. हुकू दे.

होऊ शकतेस का, याचं उत्तर देण्याइतकं मी अजून पाहिलेलं नाही. पण चोविसाव्या लॅपला तू त्या निळ्या गाडीला बाहेरून मागे टाकलंस, त्याला न स्पर्शता, हातभर जागेत. ते शिकवून येत नाही. म्हणून तर मी एवढी पानं लिहितोय.

एक दोनशे पानी वही घे. दर वेळी गाडीतून उतरलीस की कुणाशीही बोलायच्या आधी लिहायचं: शिरताना हात काय करत होते, मध्यावर काय, बाहेर पडताना काय. पाचव्या लॅपला कसं होतं आणि पंचविसाव्या लॅपला कसं, तेही. 'बेकार' हा शब्द त्या वहीत नको.

गुरुवारी शाळा सुटली की शॉपवर ये. शनिवारचा उजवीकडचा पुढचा टायर मी उतरवून कोपऱ्यात ठेवलाय, कुणाला हात लावू दिलेला नाही. बाहेरच्या कडेवरून तळवा फिरव आणि मग मला सांग गाडी काय म्हणत होती. क्रू चीफलाही थांबायला सांगितलंय. येताना आईने केलेली चकली थोडी जास्त आण, त्याला फार आवडते.

तुझा,
काका