मक्याच्या बंडल शीथ पेशींत ग्राना नसतात, मग त्यांना ऊर्जा मिळते कुठून?

तुमची शंका अशी आहे की, मक्याच्या पानात शिरेभोवती ज्या बंडल शीथ पेशी असतात, त्यांच्या हरितलवकांत ग्राना (प्रकाश पकडणाऱ्या पटलांच्या चळती) जवळपास नसतात. मग तिथे साखर बनते कशी? ती तिथेच बनते हे मी बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला डोळ्यांनी पाहिलंय. उन्हातलं पान दुपारी तोडलं, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवला, गाजराच्या तुकड्यात धरून ब्लेडने पातळ काप घेतले (बटाटा घेऊ नका, त्यातला स्टार्चही रंगतो) आणि वर आयोडीनचा थेंब टाकला. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक शिरेभोवती निळ्या-काळ्या मण्यांचं, म्हणजे साखरेपासून साठवलेल्या स्टार्चचं, कडं होतं. बाहेरच्या मेसोफिल पेशी, म्हणजे पानाचा बाकीचा हिरवा गर, जवळपास कोऱ्या.

साखर बनवायला दोन गोष्टी लागतात, एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू). बंडल शीथ पेशींना त्या दोन वेगळ्या वाटांनी मिळतात.

एटीपी त्या स्वतः बनवतात. ग्राना नाहीत म्हणजे पाणी फोडणारी ‘फोटोसिस्टिम दोन’ (प्रकाश पकडणाऱ्या दोन यंत्रणांपैकी एक, ती मुख्यतः ग्रानात असते) फारच कमी. पण फोटोसिस्टिम एक भरपूर असते आणि ती एकटी चालू शकते: तिच्यातून निघालेला इलेक्ट्रॉन फिरून तिच्याकडेच परत येतो आणि त्या फेऱ्यात एटीपी तयार होतो. पाणी फुटत नाही, म्हणून ऑक्सिजनही सुटत नाही. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. साखर बनवताना कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर त्याच्या जागी ऑक्सिजनही पकडतं आणि उन्हाळ्यात भात-गव्हाचं त्यात मोठं नुकसान होतं. मक्याने रुबिस्को ठेवलंय तेच मुळी ऑक्सिजन कमी असलेल्या खोलीत.

एनएडीपीएच मात्र शेजारून येतो. मेसोफिल पेशी हवेतला कार्बन पकडून मॅलेट हे चार कार्बनचं संयुग बनवतात, त्यात स्वतःचा एनएडीपीएच खर्च करतात आणि ते मॅलेट आत पाठवतात. आत ते फुटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि एनएडीपीएचही परत मिळतो. पण एका मॅलेटमागे एकच, आणि एका कार्बनला लागतात दोन! म्हणून जवळपास निम्मं फॉस्फोग्लिसरेट (रुबिस्कोने कार्बन पकडल्यावर बनणारं संयुग) उलट मेसोफिलमध्ये जातं, तिथल्या ऊर्जेवर पुढची पायरी पार करतं आणि पुन्हा आत येतं. पाठ्यपुस्तकाच्या आकृतीत ही उलटी वाहतूक बऱ्याचदा दाखवलेलीच नसते, आणि मग तुमच्यासारखा नेमका विचार करणारा विद्यार्थी अडकतो.

हे फुकट होत नाही. भाताला एका कार्बनमागे 3 एटीपी पुरतात (रुबिस्कोने ऑक्सिजन पकडल्यामुळे होणाऱ्या फोटोरेस्पिरेशनचा खर्च सोडून), मक्याला 5 लागतात, कारण मॅलेट फुटल्यावर उरलेलं पायरुव्हेट पुन्हा कामाला लावायला जास्तीचे 2 जातात. कडक उन्हात हा खर्च सहज भरून निघतो, थंडीत आणि सावलीत नाही.

ऊस आणि ज्वारी मक्यासारखेच. आधी चार कार्बनचं संयुग बनवणारा हा सी-फोर मार्ग हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात 1966 साली उसावरच उलगडला. पण ‘सी-फोर म्हणजे ग्राना नाहीत’ असं परीक्षेत लिहू नका. नाचणीही सी-फोरच आहे, तरी तिच्या बंडल शीथमध्ये ग्राना व्यवस्थित असतात. तिथे कार्बन डायऑक्साइड मायटोकॉन्ड्रियात सुटतो, त्यामुळे हरितलवकाला आयता एनएडीपीएच मिळत नाही, तो स्वतःच बनवावा लागतो. जमलं तर दोन्ही पानांचे ताजे काप शेजारी ठेवून बघा: मक्याची हरितलवकं पेशीच्या बाहेरच्या कडेला दिसतील, नाचणीची शिरेकडे सरकलेली.