एमबीएनंतर स्ट्रॅटेजीत पीएचडी, नोकरी सांभाळून जमेल का?
जमेल. पण आधी ठरवा, शिकवायचं-संशोधन करायचंय की कंपनीतच वर चढायचंय? वर चढायला पीएचडी लागत नाही, त्यासाठी वर्षं घालवू नका. संशोधनाची खरी ओढ असेल तर आयआयएमचा पूर्णवेळ कार्यक्रम बघा, तिथे विद्यावेतन मिळतं. २०१७ च्या आयआयएम कायद्याआधी तिथे पदवीऐवजी ‘फेलो’ ही उपाधी मिळे, आता रीतसर पीएचडी पदवी मिळते.

नोकरी सोडणं शक्यच नसेल तर विद्यापीठातून अर्धवेळ करा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत ते चालतं, मात्र कंपनीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. किमान ३ वर्षं तरी धराच.

आणि कृपा करून मार्गदर्शक नीट पारखा. त्यांचे शोधनिबंध वाचा, त्यांच्याकडे सध्या पीएचडी करणाऱ्यांशी बोला. विद्यापीठाच्या नावापेक्षा मला हे मोठं वाटतं.