मनातलं विचारा: नऊ दिवसांची सेवा आणि आमाच्या दहा गोळ्या

प्रश्न: ताई, सलाम. मी २६ वर्षांची, नगर जिल्ह्यातली, स्टाफ नर्स आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चर्चच्या तरुण संघाची १२ जणांची टीम नेपाळला मिशन ट्रिपला गेलेली, नऊ दिवस. मनमाडहून कुशीनगर एक्सप्रेस, गोरखपूर, सुनौली बॉर्डर, बुटवल आणि तिथून जीपने पाल्पा जिल्ह्यातलं एक गाव. मुलांना गाणी शिकवली, चर्चला रंग दिला, आणि मी अडीच दिवस बीपी-शुगर तपासत बसले. एक म्हातारी आमा (नेपाळीत आई) आली, वरचं बीपी १९०. टीममधल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या पण आमच्याकडे एकच स्ट्रिप उरलेली, दहा गोळ्यांची, ती दिली. तिने माझे हात धरून कपाळाला लावले. आता रविवारी मला चर्चमध्ये साक्ष द्यायचीय, म्हणजे सगळ्यांपुढे उभं राहून आपला अनुभव सांगायचाय, पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) म्हणतात फोटो दाखव, किती जणांनी प्रभूला स्वीकारलं ते सांग. बाकीचे सगळे म्हणतात आयुष्यच बदललं, आणि माझ्या डोक्यात फक्त त्या दहा गोळ्या. एकूण खर्च १ लाख ८० हजार झाला. आम्ही चुकलो का? पुढच्या वर्षी परत जाऊ का नको? – एक बहीण

उत्तर: अगं, त्या गोळ्या कधीच संपल्या असतील, म्हणून आधी आमाचं बघू, साक्षीचं नंतर.

नेपाळमध्ये गावोगावी महिला स्वास्थ्य स्वयंसेविका असतात, आपल्या आशाताईंसारख्या, १९८८ पासून आहेत आणि देशभरात ५० हजारांच्या वर आहेत. गावाजवळ सरकारी स्वास्थ्य चौकी असते, तिथे बऱ्याच साध्या औषधांना पैसे पडत नाहीत. तुमच्या तिथल्या पाळकांना आजच फोन कर आणि त्या स्वयंसेविकेचा नंबर घे. तू रजिस्टर ठेवलंच असशील, नर्स आहेस, तर ज्यांचं ज्यांचं बीपी शुगर जास्त निघालं त्यांची नावं आणि रीडिंग तिला पाठव. तिला बरं का, पाळकांना नाही, कोणाला काय आजार आहे हे पाळकांना कळायचं काही कारण नाही. तासाभराचं काम आहे. खरं तर हे तिथे असतानाच करायचं होतं, तिला पहिल्या दिवशी शेजारी खुर्ची टाकून बसवायचं होतं. आणि डॉक्टरांनाही विचार, नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी केली होती का. आपल्याकडून पासपोर्टशिवाय जाता येतं म्हणून आपल्याला ते परदेश वाटतच नाही, पण आहे तो परदेशच.

तू पाल्पाला गेलीस म्हणून एक गोष्ट सांगते. त्या जिल्ह्याचं मुख्य गाव तानसेन (गवयाचा काही संबंध नाही). १९४९ मध्ये बॉब फ्लेमिंग नावाचा मसुरीच्या शाळेतला अमेरिकन मास्तर तिकडे गेला तो पक्षी बघायला. परवानगीसुद्धा पक्ष्यांसाठीच मिळालेली. दोनेक वर्षांनी परत गेला तेव्हा बायको बेथेल सोबत होती, ती डॉक्टर, आणखी एक डॉक्टर होता, आणि बॉब पक्षी बघेपर्यंत या डॉक्टरांनी तिथे काही आठवडे दवाखाना चालवला. म्हणजे तुमच्यासारखाच कॅम्प की! पण पुढे काय झालं बघ, त्यांनी सरकारकडे रीतसर परवानगी मागितली, ती यायची वाट बघितली, आणि मग १९५४ साली आपल्या नागपुरात वेगवेगळ्या मिशनांनी एकत्र येऊन युनायटेड मिशन टू नेपाळ स्थापन केलं. तानसेनचं मिशन हॉस्पिटल अजून चालू आहे, तुमची जीप बहुतेक जवळूनच गेली असेल. तुमच्यापैकी कोणाला तिथे जाऊन विचारावंसं वाटलं का, की आमच्या गावातले पेशंट तुमच्याकडे पाठवले तर चालेल का? मला वाटतं तुला जे खुपतंय ते हेच आहे. दहा गोळ्या कमी होत्या असं नाही गं, अकराव्या गोळीचं कोणीच ठरवलेलं नव्हतं.

आता साक्ष. इथे मी जरा कडक बोलणारे. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात कलम २६ मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ मध्ये त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर. तो कायदा बरा की वाईट यावर आपण नंतर भांडू. पण तू स्क्रीनवर 'इतक्या जणांनी स्वीकारलं' असं लिहून खाली चेहरे दाखवलेस, कोणीतरी मोबाईलवर शूट करून फेसबुकला टाकलं, की तू नगरमध्ये सुखरूप आणि पोलीस तिकडे पाळकांच्या दारात. ज्यांच्या घरी तुम्ही नऊ दिवस डाळभात जेवलात त्यांच्या! तेव्हा आकडा नाही, चेहरे नाहीत, गावाचं नाव नाही. पाळकसाहेबांना हे समजावून सांग, ऐकतील. नाही ऐकले तर साक्षच देऊ नकोस.

फोटोंचं मला जरा जास्तच लागतं त्याला कारण आहे. मी लहानपणी मिशनच्या बोर्डिंगमध्ये होते. एकदा परदेशी पाहुणे येणार म्हणून आम्हाला रविवारचे फ्रॉक घातले, दोन इंग्लिश गाणी घोकून घेतली. नेमकं त्या सकाळी माझ्या डोक्याला उवांसाठी रॉकेल लावलेलं, आणि एका मॅडमनी मलाच जवळ घेऊन फोटो काढला. बिचारीने नाक मुरडलं नाही. फोटो पाठवते म्हणाली, आम्ही पोस्टमनची वाट बघितली, मग सोडून दिली. कुठल्यातरी देशातल्या कुठल्यातरी चर्चमध्ये मी पडद्यावर झळकले असणार, आणि तिने माझ्याबद्दल काय सांगितलं असेल ते देवाला माहीत! म्हणून म्हणते, तुझ्या साक्षीत तू त्यांना काय दिलंस ते नको. त्यांनी तुम्हाला कुठे झोपवलं, स्वतः कुठे झोपले, शनिवारी सुट्टी म्हणून तिथे भक्ती शनिवारीच असते आणि तुम्हाला ते किती विचित्र वाटलं, हे सांग. दहा गोळ्यांचंही सांग, आणि फोन केलास तेव्हा काय कळलं तेही.

पैशाचं. १९९८ ला होंडुरासमध्ये मिच चक्रीवादळाने घरं पडली तेव्हा उत्तर अमेरिकेतून चर्चच्या टीम बांधायला गेल्या. नंतर एका अभ्यासकाने हिशोब मांडला तर प्रवास धरून एक घर पडलं ३० हजार डॉलरला, आणि तेच स्थानिक संस्था २ हजारांत बांधत होत्या. तुमचा रंग काय भावाने पडला ते तुम्हीच काढा, बुटवलला रंगारी मिळत असतीलच ना. जाऊच नका असं मी म्हणत नाहीये. बारा जाऊ नका, दोघं जा, तेही त्यांनी बोलावलं तर. त्याआधी त्या पाळकांना आणि त्यांच्या बायकोला ईस्टरला नगरला बोलवा, तुमच्या पलंगावर झोपवा, त्यांना उपदेश करू द्या, आणि तुम्ही खाली बसून ऐका.

प्रश्न: माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. कॉलेजच्या ग्रुपबरोबर कंबोडियात अनाथाश्रमात दोन आठवडे 'मुलांना प्रेम द्यायला' जायचं म्हणतोय. पैसे देऊ का? – एक आई, वसई

उत्तर: नका देऊ. कंबोडियातल्या अशा संस्थांमधल्या साधारण चारातल्या तीन मुलांना आई किंवा बाप जिवंत आहे, पाहुणे येतात आणि पैसे देतात म्हणून मुलं घरून आणली जातात हेही तिथे झालंय. आणि दर पंधरा दिवसांनी नवा दादा येऊन गळ्यात पडून निघून गेला तर त्या पोराने काय करायचं? त्याला कंबोडिया बघायचाच असेल तर अंगकोर वाट बघून येऊ दे, टुरिस्ट म्हणून, स्वतःच्या पैशाने.