भूमिगत वडिलांचं निवृत्तिवेतन: आधी त्यांचा जबाब नोंदवून घ्या

प्रश्न: वडील हैदराबाद मुक्तिसंग्रामात भूमिगत होते. आमचं गाव नांदेड जिल्ह्यात. त्यांचं वय आज ९५ आहे. त्यांना तुरुंगवास झाला नव्हता. राज्य शासनाच्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनासाठी १९९६ साली त्यांनी केलेला अर्ज २००४ मध्ये ‘सबळ पुरावा नाही’ म्हणून नामंजूर झाला. ज्या दोघा सहकाऱ्यांनी प्रमाणपत्रं दिली होती, ते आता हयात नाहीत. दावा संपला का?

उत्तर: संपलेला नाही. पण कोर्टाचा विचार नंतर करू. वडील बोलू शकतात तोवर त्यांचा जबाब नोंदवून घ्या, याच आठवड्यात.

१९९६ च्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र असेलच, त्याची प्रत काढून वाचा. त्या काळातल्या कितीतरी फायलींत मी एकच वाक्य पाहिलं आहे: ‘बुलेटिन वाटणे, निरोप पोहोचवणे, शस्त्रे पुरवणे.’ लिहून देणाऱ्याने सगळ्यांना तेच लिहून दिलं. खऱ्या माणसाचा दावाही अशा छापील वाक्यामुळे खोटा वाटू लागतो. म्हणून नवं प्रतिज्ञापत्र वडिलांच्याच शब्दांत हवं. घर कधी सोडलं, हैदराबाद संस्थानाच्या सीमेवरच्या कोणत्या कॅम्पात होते, कॅम्पप्रमुख कोण, रात्री कुणाच्या आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) मुक्काम असे, भाकरी कोण आणून देई, रझाकारांनी घराचं काय केलं, हे सगळं येऊ द्या. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असंच लिहा. नोटरीला घरी बोलावता येतं. सही जमत नसेल तर अंगठा घ्या, मात्र मजकूर वाचून दाखवला आणि त्यांना समजला, असा शेरा नोटरीकडून न विसरता घ्या.

वयाचा पुरावा याच्याशी जुळला पाहिजे. १९४८ मध्ये ते सतरा-अठरा वर्षांचे होते हे शाळेच्या प्रवेश निर्गम उताऱ्यावरून दिसत असेल, तर एक मोठी शंका तिथेच मिटते.

दुसरीकडे, जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करून संपूर्ण फाईल मागा: नामंजुरीचा आदेश, जिल्हा गौरव समितीची (अशा अर्जांची छाननी करणाऱ्या समितीची) शिफारस, प्रमाणपत्रं, टिपणी. सहकारी आज हयात नसले तरी त्यांनी तेव्हा दिलेली प्रमाणपत्रं त्यामुळे बाद होत नाहीत. भूमिगतांच्या पुराव्याबाबतच्या ४ जुलै १९९५ च्या शासन निर्णयातल्या अटींशी ती ताडून पाहा. त्या दोघांना स्वतः निवृत्तिवेतन मिळत होतं का, त्यांच्या फायलींत वडिलांचं नाव कुठे येतं का, हेही शोधा. वडिलांच्या नावे वॉरंट निघालं असेल, तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात विचारणा करा. निजामी दप्तर बरंचसं उर्दूत आहे आणि साल फसली, म्हणजे निजामी महसुली कालगणनेतलं असतं. १३५७ फसली म्हणजे साधारण ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८.

कायदा तुमच्या बाजूने बराच आहे. गुरदयाल सिंग प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा दाव्यांना फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नये, शक्याशक्यता पाहावी. मुकुंदलाल भंडारी प्रकरण (१९९३) केंद्राच्या योजनेचं होतं. उशीर झाला एवढ्याच कारणाने हक्क नाकारता येत नाही, मात्र रक्कम अर्ज मिळाल्याच्या तारखेपासूनच, असं त्यात ठरलं. तरीही २००४ च्या आदेशाला वीस वर्षं आव्हान न दिल्यामुळे मागच्या थकबाकीवर फार आशा ठेवू नका.

म्हणून आधी नव्या पुराव्यासह फेरविचाराचा अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका. जुन्या आदेशात कारणं नसतील, सुनावणीही दिली नसेल, तर तो मुद्दा ठळक मांडा. वयाचं कारण दाखवून प्रिसिपी (कोर्टाला द्यायची लेखी विनंती) दिली तर लवकर सर्क्युलेशन, म्हणजे प्रकरण लवकर सुनावणीला घेणं, मागता येतं.

‘प्रमाणपत्र मिळवून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रकरणात न्यायमूर्ती पालकर आयोग नेमावा लागला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मराठवाड्यातली प्रत्येक फाईल संशयाने पाहिली जाते, त्यामागे हेही एक कारण आहे. एक खोटा कागद तुमच्या वडिलांच्या खऱ्या कागदांनाही बुडवेल.

आणि आई हयात असतील तर त्यांचं आधारकार्ड, विवाहाचा पुरावा आणि बँक पासबुक आत्ताच फाईलला लावा. दुर्दैवाने मध्येच काही झालं, तर पत्नी म्हणून दावा त्यांना पुढे चालवता येईल. मुलगा म्हणून निवृत्तिवेतनावर तुमचा हक्क सांगता येणार नाही.