‘सारांश उत्तम, पण तुझे म्हणणे कुठे आहे?’

प्रिय मैत्रिणी,

इतिहासाच्या दुसऱ्या वर्षातले तुझे तिन्ही निबंध ‘सारांश उत्तम, पण तुझे म्हणणे कुठे आहे?’ या एकाच शेऱ्यासह परत आले. शाळेत सदैव पहिली येणाऱ्या तुला आता ग्रंथालयात बसले की रडू येते आणि अभियांत्रिकी शिकणारा भाऊ शाखा बदलायला सुचवतो. तेव्हा आपण चुकीच्या ठिकाणी आलो का, असे तू विचारतेस. मी मात्र तुझ्या दुसऱ्याच वाक्यापाशी थांबले : ‘एवढ्या विद्वानांनी लिहून ठेवल्यावर मी वेगळे काय सांगणार?’ दुखणे इथे आहे, आणि ते बुद्धीचे नाही.

वाचलेले नीट समजून घेऊन नेटकेपणाने मांडणे यालाच शाळेत गुण मिळतात; विद्यापीठात ती केवळ पूर्वतयारी ठरते. हा बदल विद्यार्थ्यांना कोणी उलगडून सांगत नाही, आणि तो शेरा तीनदा लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी ‘म्हणणे’ म्हणजे काय हे एकदा तरी करून दाखवायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

म्हणणे म्हणजे जगावेगळा विचार नव्हे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडील सत्ता पोपला बहाल केली असे सांगणारा एक दस्तऐवज युरोपात कित्येक शतके आधार म्हणून दाखवला जात होता. १४४० मध्ये लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन विद्वानाने तो बारकाईने वाचला आणि विचारले, की चौथ्या शतकातल्या रोमन सम्राटाच्या आज्ञापत्रात ‘सत्रप’, म्हणजे आपल्या परिचयाचा ‘क्षत्रप’, हा पूर्वेकडचा अधिकारी आलाच कसा? अशा शब्दांवरून आणि विसंगतींवरून त्याने तो बनावट असल्याचे दाखवून दिले. मजकूर सर्वांसमोर होता. त्यातला खटकणारा शब्द नजरेआड न करण्याचे धैर्य त्याने दाखवले.

आता तुझा तिसरा निबंध घेऊ. औद्योगिक क्रांती ब्रिटनमध्ये प्रथम का झाली, यावर काही इतिहासकार महाग मजुरी आणि स्वस्त कोळसा ही कारणे देतात, कारण त्यांमुळे माणसांऐवजी यंत्रे वापरणे परवडले, तर काही उपयुक्त, म्हणजे उत्पादनात कामी येणाऱ्या, ज्ञानाच्या प्रसाराला अधिक महत्त्व देतात. तू दोन्ही मते प्रामाणिकपणे मांडलीस आणि ‘दोन्ही कारणे महत्त्वाची होती’ असे लिहून थांबलीस. तिथेच पुढचा प्रश्न विचारायला हवा होता : मजुरी महाग होती असे म्हणताना मोजलेली मजुरी कोणाची? घरी बसून सूत कातणाऱ्या स्त्रियांनाही तेवढे पैसे मिळत होते का, आणि मिळत नसतील, तर सूत कातण्याचे यंत्र शोधण्याची निकड कोणाला व का वाटली? या प्रश्नावर इतिहासकारांमध्येही वाद आहे, त्यामुळे त्यात शिरायला तुला कोणाच्या परवानगीची गरज नाही. हाती असलेल्या पुराव्यावरून तू जे उत्तर देशील, आणि कोणता पुरावा सापडला तर ते मागे घ्यावे लागेल हे जितक्या स्पष्टपणे सांगशील, तेच तुझे म्हणणे.

भावाची काळजी खोटी नाही. पदवीनंतर नोकरी मिळेलच असे वचन मी देऊ शकत नाही, आणि त्याचा विचार तुला स्वतंत्रपणे करावाच लागेल. पण तीन शेऱ्यांच्या भीतीने तो निर्णय घेऊ नकोस. चौथा निबंध या रीतीने लिहून पाहा. असे प्रश्न विचारण्याचाच तुला कंटाळा येतो असे तेव्हा लक्षात आले, तर खुशाल शाखा बदल, त्यात कमीपणा नाही.

मात्र निबंध पूर्ण होईपर्यंत थांबू नकोस. तुझा प्रश्न, तात्पुरते उत्तर आणि त्याला अडचणीत आणणारा एक पुरावा एवढेच एका पानावर लिही, आणि ते पान घेऊन प्राध्यापकांना याच आठवड्यात भेट.

तुझी,
मावशी